पाचवीच्या आधीचा पारा

"आधी झटकायचा. पारा खाली उतरला का ते बघायचं. मग काखेत धरायचा, चांगली पाच मिनिटं. आणि सगुणाबाई, जे दिसेल तेच लिहायचं. दिसावं असं वाटतं ते नाही. आणि पहिल्याच दिवशी लिहायचं."

डॉक्टर भुजंगरावांचा हा आवाज माझ्या काचेत अजून आहे. मला सगुणाबाईंच्या हातात देताना ते असं बोलले होते. त्यांचं ऐकलं असतं तर मला आज ही कथा सांगावी लागली नसती.

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. वय म्हणाल तर तीन वर्षांचं. पण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुसून माझ्या अंगावरचे आकडे फिके झालेत, आणि टोकापाशी एक बारीक चरा गेला आहे. म्हणून आपलं जुना म्हणायचं.

तुमच्या घरी कुणाला ताप आला की जो थर्मामीटर लावतात, तो माझा भाऊ. त्याचे आकडे पंच्याण्णवपासून वर चढतात. त्याच्या खालीही काही असतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. मी मात्र पंच्याऐंशीपासून मोजतो. मला घडवणाऱ्या कारागिरानं काच आगीवर मऊ केली, केसाएवढ्या पोकळीत पारा भरला, तोंड बंद केलं आणि माझ्या अंगावर दहा रेघा जास्तीच्या ओढल्या. त्या जास्तीच्या रेघांचा तेव्हा मला फार अभिमान वाटला. त्या कशासाठी आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या गारठा मोजण्यासाठी होत्या. नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या अंगातला गारठा.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी मी परभणी जिल्ह्यात आलो. डॉक्टर भुजंगराव तेव्हा ताडकळसच्या आसपासच्या आठ गावांची पाहणी करणार होते. पौष-माघात या भागात लेकरं जास्त दगावतात, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ती रोगानं जातात की जन्मल्या जन्मल्या गारठून, हे त्यांना शोधायचं होतं. दोन वर्षं प्रत्येक जन्मलेल्या लेकराचा पारा पहिल्या आणि सहाव्या दिवशी बघायचा, आणि कोण राहिलं, कोण गेलं ते लिहायचं. गारठ्यानंच जातात असं दिसलं, तर सगळ्या सुइणींना नवं शिकवायचं आणि घरोघर ऊबदार दुलया द्यायच्या, असं ठरलं होतं. पण त्यासाठी कागदावर पुरावा पाहिजे होता. तो पुरावा म्हणजे मी आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही.

सगुणाबाई या त्यातल्या एका गावच्या नर्स. सरकारी दोन खोल्यांच्या दवाखान्यात एकट्या राहत. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या तोंडात काही घालत नसत, आणि संध्याकाळचा दिवा एक दिवस चुकवत नसत. बोलणं हळू. कुणाला दुखवायचं नाही, हा त्यांचा नेमच होता म्हणा ना. माझी पत्र्याची डबी त्या देवाच्या फळीवर, निरांजनाच्या शेजारी ठेवत. मला फार बरं वाटे.

गावातली सगळी बाळंतपणं कडूबाईच्या हातची. पन्नाशीची बाई, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तिच्या आधीची चार भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी हिचं नावच कडू ठेवलं.

"यमानं मला चाखून बघितलं, बाई," ती हसत सांगायची, "तोंड कडू झालं त्याचं. थुंकून गेला!"

पहिल्याच बाळंतपणाला सगुणाबाईंनी वही उघडली, आणि कडूबाईनं ती हातानं मिटवली.

"हे काय करायलाव?"

"लिहिते, कडूमावशी. डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे. पहिल्या दिवशी लिहायचं."

"तुमच्या डागदरच्या आईनं पाचवी पुजली न्हवती काय? पाचवीच्या रातीला सटवाई येती. पाटा-वरवंटा मांडायचा, कोरा कागद ठिवायचा, लेखणी ठिवायची. ती लेकराच्या कपाळी लिवती. तिच्या आदी माणसानं एक अक्षर लिवायचं न्हाई. लिवलं, तर ती म्हणल, आता माझं काय काम? अन् लेकराला घिऊन जाईल."

बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं घाबरून सगुणाबाईंकडे बघितलं. मित्रांनो, सगुणाबाई स्वतः लहानपणी धाकट्या भावाच्या पाचवीला कोरा कागद ठेवणाऱ्या. त्यांना ती नजर सोसवली नाही. त्यांनी वही पिशवीत टाकली.

मग त्यांनी एक तोड काढली. मला लावायला कडूबाईची हरकत नव्हती, लिहायला होती. सगुणाबाईंनी वातीसाठी आणलेल्या सुताचा एक दोरा घेतला. पंच्याण्णवच्या खाली जितक्या रेघा पारा उतरलेला, तितक्या गाठी त्यात मारल्या. ओळख राहावी म्हणून लेकराला गुंडाळलेल्या फडक्याची इवलीशी चिंधी त्याच्या टोकाला बांधली. गाठ म्हणजे काही अक्षर नव्हे. कडूबाईनं मान डोलावली. सहाव्या दिवशी सगुणाबाई पुन्हा यायच्या, लेकराला बघायच्या, गाठी सोडायच्या, आणि मागचा-पुढचा सगळा हिशेब तेव्हा वहीत उतरवायच्या.

तोड चांगली होती. कुणाचं मन मोडलं नाही. मलाही ती आवडली.

पण सहाव्या दिवशी लेकरू असेल तर ना.

त्या गावातली रीत अशी की लेकरामागून वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, आणि तोवर लेकरू सुपात ठेवायचं. ओलं, उघडं, जमिनीवर. वार पडायला कधी घटका लागे, कधी त्याहून जास्त. मग अंघोळ. मग जुनं विरलेलं फडकं. उन्हाळ्यात हे निभून जाई. पौषात दाराच्या फटीतून वारा आत येई आणि सुपातल्या लेकराचे ओठ हळूहळू निळे होत. सगुणाबाईंना बोलावणं यायचं ते हे सगळं उरकल्यावर. त्या मला काखेत धरायच्या आणि मी थांबायचो. वर चढायला माझ्याजवळ ऊबच नसायची. नव्वद. एक्क्याण्णव. एकदा अठ्ठ्याऐंशी. ते लेकरू रडतही नव्हतं.

"किती शहाणं हाय, बघा. जरा कुरकुर न्हाई," त्याची आजी म्हणाली होती.

मी काचेच्या आत ओरडत होतो, मित्रांनो. काचेचा आवाज बाहेर येत नाही.

सगुणाबाई फडकं शेकून लेकराला गुंडाळायच्या, आईच्या कुशीत द्यायच्या आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत परतायच्या. सहाव्या दिवशी गेल्या की अंगणात पाटा-वरवंटा मांडलेला नसे. घरातलं कुणी वर बघत नसे. शेताच्या बांधाकडे बोट दाखवून कडूबाई हळूच म्हणे, "सटवाईनं लिवलंच न्हाई त्याचं. पाव्हणा म्हणून आलं, गेलं." सगुणाबाई वही न उघडताच माघारी येत. ज्याचं आलेलंच लिहिलं नाही, त्याचं गेलेलं कुठे लिहायचं? त्याचा दोरा गाठींसकट माझ्या डबीत राहायचा. सोडणार कुणासाठी?

असे दोरे साठत गेले. पहिल्या वर्षी पाच. दुसऱ्या वर्षीच्या पौषात आणखी. डबी उघडली की आधी माझ्याऐवजी दोऱ्यांचा गुंता हाताला लागे. मी त्यांच्यात निजायचो. गार लेकरांच्या चिंध्या माझ्या अंगाला लागायच्या.

त्यातला एक दोरा गीताचा. गीता म्हणजे कडूबाईची लेक. पालमकडे दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. कडूबाईनं स्वतःच्या लेकीचं बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं. सूप, वार, अंघोळ, सगळं रीतीप्रमाणे. सगुणाबाई पोचल्या तेव्हा मी एकोणनव्वदवर थांबलो. सहा गाठी. टोकाला कडूबाईच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी. तिसऱ्या दिवशी ते लेकरू गेलं. कडूबाई त्या दिवशी विनोद करत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी बाळंतपण होतं, तिथे तिनं पुन्हा सूपच मागितलं.

पाहणी संपली. गेल्या दिवाळीच्या आधी डॉक्टर भुजंगराव जीप घेऊन गावात आले. शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकली होती. मी सगुणाबाईंच्या पिशवीत होतो.

"मला वाटलं होतं, आपली लेकरं पहिल्या चार दिवसांत गारठ्यानं जातात," डॉक्टर सगळ्यांना म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी फुलला होता. "पण या गावच्या वहीत पहिल्या चार दिवसांत एकही लेकरू गेलेलं नाही. एकही नाही! या गावापुरता मी चुकलो, आणि चुकलो याचा मला आनंद आहे. या गावच्या सुईणबाईंचं काम इतकं चांगलं आहे की त्यांना नवं शिकवायची गरज नाही. दुलया आपण दुसऱ्या गावांना देऊ."

मग त्यांनी कडूबाईच्या हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. कडूबाई लाजली, मग हसली, मग तिनं डोळे पुसले. सगुणाबाईंचा हात पिशवीत गेला आणि त्यांनी माझी डबी घट्ट धरली. त्या काही बोलल्या नाहीत. एवढ्या माणसांत, एवढ्या आनंदात कसं बोलायचं? डबीतले दोरे मात्र त्यांच्या बोटांखाली हलल्यासारखे मला वाटले.

त्या दिवसापासून मला कुणी काढलं नाही. पाहणी संपली, माझं काम संपलं. सगुणाबाई दिवा लावायच्या, पण फळीवरच्या डबीकडे बघायच्या नाहीत. एवढी नेमाची बाई, पण देवासमोर उभी राहिली की तिची नजर खाली.

मार्गशीर्षात, बाळंतपणासाठी पुन्हा माहेरी आलेली गीता दवाखान्यात आली. पुन्हा दिवस गेले होते. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. सगुणाबाईंनी तिला तपासलं.

"पौषात येईल असं दिसतंय. दिवस भरायच्या थोडं आधीच."

गीता उठून बसली. निळी वही टेबलावरच होती.

"बाई, या वहीत माझ्या पहिल्या लेकराचं नाव हाय का वो?"

सगुणाबाईंनी वहीवर हात ठेवला.

"नाव न्हवतं ठिवलं. पर गीताचं लेकरू, असं कायतरी?"

"नाही, गीता."

"तीन दिस होतं वो ते. माझं बोट धरलं होतं त्यानं." ती म्हणाली, "म्हंजी ते झालंच न्हवतं व्हय?"

मित्रांनो, फळीवर निरांजन शांत जळत होतं. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता जे होईल," गीता म्हणाली, "ते पहिल्याच दिवशी लिवा. जगलं तर लिवा, मेलं तर लिवा. मला वचन द्या. आईचं ऐकू नका. ती नारळ मिळाल्यापासून कुणाचंच ऐकत न्हाई."

सगुणाबाईंनी देवाच्या फळीवर हात ठेवून वचन दिलं. दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.नं परभणीला गेल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर माझी डबी उघडली. दोरे बाहेर सांडले. त्यांनी सगळं सांगितलं, काही न झाकता.

डॉक्टरांनी एक-एक दोरा वेगळा केला. "चौदा?"

"चौदा, साहेब."

"मी म्हटलं होतं ना तुम्हाला, दिसेल ते लिहा म्हणून?"

"म्हटलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, लिहिलं नाही तर कुणाला दुखणार नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अहवाल वर गेलाय. उद्याच पत्र लिहून परत मागवतो. चूक माझीही आहे. एकही नाही, असं कुठे असतं का? मी विचारायला हवं होतं. पण कागद वर जाऊन खाली यायला उन्हाळा उजाडेल, सगुणाबाई. पौष तर आठ दिवसांवर आहे."

"पौषाचं मी बघते," सगुणाबाई म्हणाल्या.

त्या थेट कडूबाईच्या घरी गेल्या. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. त्याच सुपात. सगुणाबाईंनी तिच्या हातात एक दोरा ठेवला.

"मावशी, हा कुणाचा, सांगा."

कडूबाईला वाचता येत नाही. पण हिरवी चिंधी तिनं ओळखली. तिची बोटं दोऱ्यावरून सरकली. "सा," ती पुटपुटली. "सा गाठी."

"जगलेल्या लेकरांत दोनच्या वर गाठी एकाच्याही दोऱ्याला नव्हत्या. गेली त्यांच्यात चारच्या खाली एकही नाही. सुपात गारठली ती. वहीत काही वाईट नाही, कारण ते मी लिहिलंच नाही. तुमचा नारळ माझ्या खोटेपणाचा आहे, मावशी."

कडूबाईनं दोरा फेकला नाही. पण तिचा आवाज चढला.

"डागदर नारळ देतो, अन् तुमी माघारी घ्यायला आलाव व्हय? तीस वरसं झाली मला! ह्या गावातलं अर्धं माणूस ह्या हातात पडलंय! अन् आता म्हणायलाव, मी मारलं? माझ्या लेकीचं लेकरू मी मारलं?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. पाप असेल तर ते माझ्याकडे."

"अन् सटवाईच्या आदी लिवलं, अन् कायी झालं तर?"

सगुणाबाई नेहमीसारख्याच हळू बोलल्या. "सटवाई पुढचं लिहिते, मावशी. तिच्या कागदाला मी हात लावत नाही. मी झालेलं लिहिते. तिचं तिला, माझं मला."

कडूबाईनं सुपातली ज्वारी खाली ओतली. सूप उचलून आत गेली आणि दार लोटून घेतलं. दोरा मात्र तिनं सोबत नेला.

त्यानंतर तिच्याकडून निरोप नाही. रस्त्यात दिसली तर मान फिरवायची. गीताला घराबाहेर कुणी येऊ देईना. पौष लागला. आकाश निरभ्र, पण वारा असा की तुळशीची पानं काळी पडली. सगुणाबाई रोज सकाळी मला स्पिरिटनं पुसत, झटकत आणि पुन्हा डबीत ठेवत. उरलेले तेरा दोरे त्यांनी काढून देवापुढे ठेवले होते. वहीत चौदाही लेकरांसाठी एक नवं पान केलं होतं, आणि सगळ्यात वर लिहिलं होतं, "गीताचं पहिलं. तीन दिवस होतं. पारा एकोणनव्वद." मी वाट बघत होतो, आणि भीती वाटत होती ती माझ्याच पाऱ्याची.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला काहीतरी मागतो. मला जपा, फोडू नका, अडगळीत टाकू नका, असं. मी ते मागत नाही. काच आहे, कधीतरी फुटेनच. मी एवढंच मागतो, की डोळ्यांना वाईट दिसलं म्हणून ते झाकून ठेवू नका. माझ्यासारखा मुका जे दाखवतो, ते त्याच दिवशी सांगा. थोडं दुखेल. न सांगितलेलं फार दुखतं, आणि दुसऱ्याच कुणाला तरी दुखतं.

आज सकाळची गोष्ट. शहात्तर सालच्या पौषातली. सगुणाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. ओट्यावर काहीतरी आपटलं. बघतात तर सूप. मागे कडूबाई उभी. केस मोकळे, बाह्या वर केलेल्या, धाप लागलेली.

"हे ठिवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "लेकरू ह्याच्यात ठिवलं न्हाई."

सगुणाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"पोरगी झाली. आठव्या महिन्याची. लय बारीक हाय, बाई, माझ्या तळहाताएवढी. वार पडायची वाट न्हाई बघितली. पुसली, लुगड्यात गुंडाळली अन् गीताच्या छातीला लावली. अंघोळ न्हाई घातली. सासरची आलेली माणसं बोंब मारायलेत." तिनं कमरेला खोचलेला तो जुना दोरा काढून सगुणाबाईंच्या हातात कोंबला. सहा गाठी तशाच होत्या. "पर रडती ती. बारीक, मांजराच्या पिलावाणी. रडती."

"चला," सगुणाबाई म्हणाल्या.

"वही घ्या," कडूबाई म्हणाली. "लिवा. काय असंल ते लिवा."

सगुणाबाईंनी डबी उचलली, वही उचलली. सुताची गुंडी त्यांनी फळीवरच ठेवली. मला एकदा झटकलं, पारा खाली उतरला का ते बघितलं. बाहेर वारा सुरूच होता. दोघी बायका लगबगीनं गल्लीच्या टोकाच्या कडूबाईच्या घराकडे चालू लागल्या.